वरच्या पाळीची चौकशी

"रे, वर आज पाळयेक कोण आसा?"

रोज सकाळी दारात उभं राहून हाच प्रश्न. आत या म्हटलं तर यायचे नाहीत. या पायावरून त्या पायावर, आणि बोटं हवेतच सुताला गाठ मारल्यासारखी सारखी चालू. नायगावच्या चाळीत समोरच्या खोलीत राहणारे हे गृहस्थ गिरणीत जॉबर होते. बिघडलेले साचे, म्हणजे माग, ठीक करायचे. सगळी चाळ त्यांना मामा म्हणे. मी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक, म्हणून आकाशातल्या चौकशा माझ्याकडे.

गिरण्यांचा संप सुरू झाला त्याच वर्षी रशियानं माणसं राहतील असं नवं स्टेशन वर अंतराळात सोडलं होतं. मामांच्या लेखी ती गिरणीच. एक तुकडी ते रिकामं ठेवून खाली उतरली, तर मामा माझ्यावर भडकले.

"बदली येऊच्या आधी साचो सोडतत? लाज नाय?"

जसं काही मीच सोडून आलो होतो!

संप कोणी मागे घेतला नाही, नुसता विरत गेला. मामांच्या गिरणीनं कामावर घ्यायला हमीपत्र मागितलं: पुन्हा संप करणार नाही. दोन वर्षं मामांनी सही केली नाही. मामी ब्लाउज शिवून घर चालवायच्या, पण सहीचं नाव काढायच्या नाहीत.

मग ती बातमी आली, आणि माझ्या जिभेला मेलं हाड नाही! स्टेशन बंद पडलं होतं. वीज नाही, आत बर्फ. दोघे अंतराळवीर वर पोचले, कानटोप्या घालून राबले, आणि चालू केलं.

मामांची बोटं थांबली. "मेलेला चालू झाला?"

"झालं, मामा."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सही केली. जिन्यात कोणीतरी त्यांना ऐकू जाईल असं 'फितूर' म्हणालं. मामा तेलाची बुधली घेऊन गिरणीच्या गेटातून आत गेले आणि तासाभरात परत आले. साचे कधीच भंगारात गेले होते. फरशीवर बोल्टांची भोकं तेवढी होती. गोदाम झाडायचं काम देतो, असं गिरणीवाले म्हणाले.

"माझं चुकलं, मामा. सांगायलाच नको होतं."

"तुजा काय चुकला? त्यांचा स्टेशन निदान जाग्यार तरी होता रे."

महिन्याभरात मामा-मामी गावी निघाली. ट्रंक मामांनी एकट्यानं खाली नेली. चाळीतलं कोणी उतरलं नाही. लोक काय म्हणतील म्हणून मीही गॅलरीतूनच बघत राहिलो.