न्हाणीतल्या बादलीतले बेदाणे

माझी बायको गलिच्छ नाही. हे वाक्य आधी लिहून ठेवतो. पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचावं. त्या दिवशी कँटीनमध्ये जे होते त्यांतले निम्मे आता निवृत्त होऊन आपापल्या गावी गेलेत, दोघंतिघं वारले. सगळ्यांची दारं ठोठावणं या वयात होणार नाही.

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात शिफ्टमध्ये नोकरी करायचो आणि नाशिकरोडला राहायचो. आमच्या सोसायटीत निम्मे लोक माझ्याच खात्यातले. पगारात घर नीट चालत होतं, हेही खोटं सांगत नाही. पण तेव्हा ज्याला त्याला जोडधंद्याचं वेड लागलं होतं. कुणी स्कूटरच्या डिकीतून साड्या आणायचा, कुणी जेवता जेवता विम्याचे कागद पुढे सरकवायचा. जो दोन पैसे जादा काढेल तो हुशार आणि नुसती नोकरी करेल तो बावळट. मला हुशार व्हायचं होतं.

दिंडोरीकडे द्राक्षं पॅक करताना घडातून सुटे झालेले मणी मातीमोल भावात मिळतात. सुट्टीच्या दिवशी मी दोन क्रेट स्कूटरवर बांधून आणायचो. पुढचं सगळं बायकोचं. ती मणी तीनदा धुवायची, वाफवायची, गच्चीवर धुतलेल्या सुती साड्यांवर पसरायची आणि वरून जाळी टाकायची. गच्चीच्या दारात चपला काढल्याशिवाय मलाही आत येऊ द्यायची नाही. वाळलेला प्रत्येक बेदाणा तिच्या बोटांतून जायचा. "आठवड्याला दोन क्रेट," तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "त्याच्यावर एक मणी आणलात तर माझ्याच्यानं स्वच्छ होणार नाही."

आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आमचे फोरमन राहायचे. त्यांच्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना नारळाऐवजी बेदाण्यांची पाकिटं द्यायचं ठरलं. वीस किलो. मी बायकोला न विचारता हो म्हणालो. तिने सहा किलो केले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बहिणीकडच्या लग्नासाठी चार दिवस पेठला निघून गेली.

उरलेले चौदा किलो मी बेदाणे सुकवायच्या एका शेडवरून आणले. रॅकखाली जमिनीवर पडलेला माल हंगामाच्या शेवटी झाडून गोळा करतात. तो माणसांनी खाण्यासाठी नसतो. तिथल्या माणसाने पोतं बांधताना विचारलंही, "गुरांना का?" मी हो म्हणालो.

न्हाणीघरात, ज्या बादलीने आम्ही अंघोळ करायचो त्याच बादलीत मी तो माल ओतला. पाणी चहासारखं झालं. वर काड्या, गोणपाटाचे धागे, केस आणि कसले कसले पंख तरंगायला लागले. तळाशी उंदराच्या लेंड्या होत्या. सुरुवातीला मी त्या वेचून काढत होतो. पण भिजलेली लेंडी आणि काळा बारका बेदाणा बोटांना सारखेच लागतात. अर्ध्या तासाने मी वेचणं सोडलं. सुकल्यावर माल निस्तेज दिसायला लागला, म्हणून डोक्याला लावायचं खोबरेल तळहातावर घेतलं आणि चोळलं. चांगली चकाकी आली. मग त्यात बायकोचे सहा किलो मिसळले आणि पाकिटं भरली. हे करताना मी शीळ घालत होतो. ओकारी येते ती त्या बादलीच्या आठवणीने नाही, त्या शिळेच्या आठवणीने येते.

फोरमननी माझी जाहिरात व्हावी म्हणून एक पाकीट कँटीनमध्ये सगळ्यांसमोर फोडलं.

"खा रे, खा. वहिनींच्या हातचे आहेत."

एका फिटरने तळहातावर मूठभर ओतले आणि हात लांब धरला. "साहेब, यातला एक चालायला लागला की हो!"

"घ्या," दुसरा म्हणाला, "आज उपास मोडला. नॉनव्हेज बेदाणे."

सगळे हसले. फोरमननी पाकीट उलटं केलं. अळी तर होतीच, आणखीही जे होतं ते टेबलावर पडलं. हसणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "कितीदा सांगितलं बायकोला, चष्मा लावून निवडत जा म्हणून. ऐकेल तर शपथ." आणि हसलो.

फोरमननी सगळी पाकिटं परत केली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सोसायटीतल्या घराघरांत पोहोचली होती.

बायको पेठहून आली. तिला जिन्यातच काहीतरी जाणवलं असावं. "काय झालंय हो?"

"पाकिटात काहीतरी निघालं. सोड."

"माझ्या?"

मी हो म्हणालो.

ती दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. नंबर फारसा बदलला नव्हता, तरी तिने हट्टाने नवा चष्मा करून घेतला. श्रावणात सोसायटीचा सत्यनारायण असायचा आणि प्रसादाचा शिरा दरवर्षी तिच्या हातचा. त्या वर्षी फोरमनच्या बायकोने दारातूनच सांगितलं, "वहिनी, यंदा तुम्ही आराम करा. केटररला सांगितलंय." शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून ती त्यात काही ना काही करून घालायची. तेव्हापासून दुकानातला बंद बिस्किटपुडा ठेवायला लागली. तांदूळ खिडकीशी धरून तीन तीनदा निवडायची, आणि मी ते निवडलेले तांदूळ दोन वेळा जेवायचो.

गेल्या महिन्यात सून म्हणाली, "आई, माझी नोकरी आहेच. शनिवार-रविवार आपण दोघी घरचे मसाले करून विकू या. खर्चही फारसा नाही."

"नको गं बाई," बायको म्हणाली. "माझ्या हाताला स्वच्छता नाही."

ती हे अगदी साधेपणाने म्हणाली, जसं कुणी आपली उंची सांगावी. मी तिथे स्वयंपाकघरातच उभं राहून सगळं सांगितलं. सून बाहेर निघून गेली.

बायकोने गॅस बंद केला. "कुठल्या बादलीत धुतलेत?"

"न्हाणीतल्या."

"आणि मी आल्यावर त्याच बादलीने अंघोळ केली." तिने गॅसवरचं भांडं खाली उतरवलं. "मला काय सांगताय? तेव्हा ज्यांना सांगितलंत त्यांना जाऊन सांगा."

मी पहिल्या मजल्यावर गेलो. फोरमन आता थकलेत, दुपारचे टीव्हीसमोर असतात. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे, सोड ना आता. कुणाच्या लक्षात आहे ते?"

"माझ्या आहे," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्या ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे नुसतं बघत होत्या. कँटीनच्या टेबलावर पडलेल्या त्या घाणीकडे लोकांनी जसं बघितलं होतं, तसं.

मग त्यांनी चपला घातल्या.

"आहेत ना त्या घरी?"

मी मान हलवली.

"भाऊजी, तुम्ही बसा इथंच. वर येऊ नका."

त्या गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढून गेल्याचं मला ऐकू आलं. वर आमची बेल वाजली, दार उघडलं, आणि बराच वेळ ते लागल्याचा आवाज आला नाही.