पाडव्यापर्यंतचा चिखल

"फ्लेमिंगो आलेत का हो?" असं कुणी विचारलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. तेव्हाही जायची, आताही जाते. विचारणाऱ्याला पक्षी बघायचे नसतात, त्याला काहीतरी गुलाबी बघायचं असतं. ते एकदा बघून झालं की माणसं काठावर सतरंजी पसरतात, गाडीची दारं उघडून गाणी लावतात आणि भेळेचे कागद तिथेच टाकून घरी जातात. त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर एखादा टिलवा चिखलात चोच खुपसत असतो. मुठीत मावेल एवढा तो पक्षी महिन्याभरात हिमालय ओलांडणार असतो. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण तो मातकट असतो.

नाशिकला समुद्र नाही. पण किनारा आहे असं मी म्हणायचे आणि शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत हशा पिकायचा. हसू देत. शहरापासून लांब, द्राक्षबागा संपल्यावर आमच्या धरणाचा फुगवटा लागतो. पावसाळ्यात तिथं नुसतं पाणीच पाणी. संक्रांतीनंतर कालव्याला पाणी सुटायला लागलं की धरण हळूहळू मागे सरकतं आणि काठाकाठानं काळ्या गाळाची एक लांबलचक पट्टी उघडी पडते. ती पट्टी म्हणजे माझा किनारा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी लुनावरून तिथं जायला लागले. गळ्यात देवळाली कॅम्पातल्या जुन्या बाजारात घेतलेली दुर्बीण. तिची एक काच जरा धुरकट होती, म्हणून डावा डोळा मिटूनच बघायचं.

घरी यावरून कमी बोलणी खाल्ली नाहीत. रविवारी सकाळी आमच्या वसाहतीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून विहारात वंदनेला निघायच्या आणि मी रबरी बूट घालून उलट दिशेला. सासूबाई दारातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमची सून चिखल बघायला चालली." शेजारच्या काकूंनी तर दुर्बीण बघून आपल्या खिडकीला जाड पडदा लावून घेतला होता. जसं काही त्यांच्या स्वयंपाकघरात चिखलातले पाणटिवळे उतरणार होते!

खरं तर थंडीत येणारे पक्षी बघायला फारसं कसब लागत नाही. बदकं पाण्यावर बसतात, दिसतात, माणूस खूश होऊन परततो. मला ओढ होती ती फाल्गुनाची, त्यांच्या परतीची. तेव्हा या पट्टीवर जे चालायचं, ते लग्नघरातल्या शेवटच्या पंगतीसारखं. दक्षिणेकडून नवे नवे थवे यायचे, थोडे दिवस थांबायचे, पोटभर खायचे आणि एका संध्याकाळी उठून उत्तरेला निघून जायचे. तुतवार, टिलवे, चिखल्या, पाणटिवळे. हिवाळाभर करडे दिसणारे पाणटिवळे या दिवसांत मानेपासून छातीपर्यंत विटकरी व्हायचे. अंगानंही चांगले गुबगुबीत व्हायचे. पुढच्या प्रवासाची सगळी शिदोरी ते अंगावर चढवून घेत असतात, आणि ती शिदोरी मिळते फक्त त्या ओल्या गाळातल्या किड्या-अळ्यांतून. खोल पाण्यात त्यांची चोच पोचत नाही, सुकलेल्या जमिनीत ती घुसत नाही. मधली ओली पट्टी, बस्स, तेवढीच. पाडव्याच्या आसपास किनारा रिकामा व्हायचा. तोपर्यंत तो उघडा राहायला हवा, एवढीच त्या जिवांची गरज.

त्याच पट्टीवर आणखी एकीचं पोट होतं. धरण मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात एका हंगामापुरतं पीक घ्यायची आमच्याकडे जुनी रीत आहे, तिला गाळपेर म्हणतात. ना नांगर, ना खत. गाळ स्वतःच सगळं देतो. गावातल्या एकाच्या वाट्याला आलेला तुकडा हरसूलकडच्या डोंगरातलं एक जोडपं निम्म्या वाट्यानं करायचं. भात काढून झाला की दोघं इकडे उतरायची, काठावर खोपी घालायची आणि टरबुजं लावायची. त्यातला नवरा दिवसा द्राक्षबागेत कामाला जायचा. टरबुजं सांभाळायची ती बाईच. साधारण माझ्याच वयाची. मी तिला ताई म्हणायचे, ती मला बाई. सुरुवातीला तिला वाटलं, मी सरकारी मोजणीला आले आहे. पक्षी बघते म्हटल्यावर ती पोट धरून हसली आणि मग चहा ठेवला. पुढं कितीतरी फाल्गुन मी तिच्या खोपीच्या सावलीत बसून काढले. वेलांच्या पलीकडे, ओलीच्या कडेला टिलवे पळायचे, अलीकडे ती खुरपत असायची. पाखरं तिला घाबरत नसत आणि ती त्यांना हाकलत नसे. टरबूज पिकून पाडव्याला बाजारात जायचं. पाखरं जायची तेव्हाच तिचा मालही जायचा. किनारा एकच होता आणि मुदतही दोघांची एकच.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. लक्ष गेलं आणि वाटोळं झालं. दोन हजारनंतर द्राक्षबागांत वाईनचे कारखाने निघाले, पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागल्या आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की इथं पर्यटन होऊ शकतं. काठावर मनोरा उभा राहिला. मनोऱ्याखाली सिमेंटचे दोन फ्लेमिंगो बसवले, ते इतके गुलाबी की खऱ्याला लाज वाटावी. सिंहस्थ झाला त्याच्या पुढच्या वर्षी पक्षी महोत्सव ठरला. एका समितीची स्थापना झाली. "पक्षीमित्र" म्हणून मलाही बैठकीला बोलावणं आलं, आणि मी मूर्ख, इस्त्रीची साडी नेसून गेले.

बैठकीत पहिला तासभर मांडवाच्या कापडाचा रंग आणि पाहुण्यांच्या खुर्च्या यावरच बोलणं झालं. मग समितीचे प्रमुख साहेब म्हणाले, "महोत्सव फाल्गुनात येतोय. तेव्हा धरण उतरलेलं असतं, काठाला नुसता चिखल. पाहुण्यांना काय चिखल दाखवायचा? पर्वणीला सोडतो तसं वरच्या धरणातून पाणी सोडू, खालचे दरवाजे बंद ठेवू. मनोऱ्यापर्यंत पाणी आलं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नाशिककर आहोत आम्ही. रामकुंडात साधूंची स्नानं असली की वरून पाणी सोडायचं, हे आमच्या रक्तातच आहे. मोठा पाहुणा आला की नदी भरून दाखवायची. मग पक्ष्यांचाही मान तसाच ठेवायचा, यात त्या खोलीत कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, जे पक्षी तेव्हा इथं असतात ते पोहत नाहीत, चालतात. त्यांना चिखलच लागतो."

"मॅडम, पाण्याशिवाय पक्षी येतील का?"

"पाणी आहेच की! ते आणखी वाढवू नका, एवढंच म्हणतेय. पाडव्यापर्यंत थांबा. तोवर पक्षीही जातील आणि गाळपेरातला मालही निघेल."

"पण पक्षी गेल्यावर पक्षी महोत्सव कसा करणार?" साहेबांनी विचारलं, आणि खोलीत खसखस पिकली. मी समोरच्या कागदावर टिलव्याचा पाय काढून दाखवला. माझ्या करंगळीपेक्षाही आखूड. म्हटलं, एवढ्याशा पायाचं पाखरू मनोऱ्यापर्यंत भरलेल्या पाण्यात उभं कुठं राहणार? कागद हातोहात फिरला. एकानं चित्र छान काढता म्हणून कौतुक केलं. शेवटी साहेब म्हणाले, "विचार करू." मग समोसे आले.

त्याच आठवड्यात मी ताईकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, यांचा भरवसा नाही, जमेल तेवढी टरबुजं आधीच काढून घे. तिनं एक टरबूज उचलून बोटांच्या मागच्या बाजूनं ठोकून दाखवलं. आवाज ठणठणीत आला. "कच्चं हाय बाई. आता तोडलं त घेईल कोन? आजून पंधरा दिस त लागतीलच. आन पाखरांच्या कार्यक्रमाला पाखराचंच खानं बुडवतील व्हय? येवढी काय येडी नाय मानसं." शिकल्यासवरल्या माणसांवर तिचा असा विश्वास होता. माझाही थोडाफार होताच, नाहीतर मी दोनदा त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढून अर्ज दिला नसता. दोन्ही वेळा साहेब दौऱ्यावर होते.

महोत्सवाच्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा किनारा नव्हता.

हे असंच सांगायला हवं. पाणी वाढलं होतं वगैरे नाही. किनाराच नव्हता. मनोऱ्याच्या पायाला लाटा लागत होत्या. खोपी अर्धी पाण्यात होती आणि जिथं ओली पट्टी होती तिथं निळंशार, स्वच्छ, देखणं पाणी पसरलं होतं. त्यावर एकही पक्षी नव्हता. मांडवात सनई वाजत होती. शाळांतली मुलं पुठ्ठ्याच्या चोची लावून रांगेत उभी होती. त्या मुलांचा काय दोष? दोष ज्यांचा होता ते फेटे बांधून घेत होते.

पाण्यात लांबवर ताई दिसली. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ती सुटलेली टरबुजं गोळा करत होती. नवरा काठावर त्यांचा ढीग करत होता. वेल तुटून फळं वर आली होती आणि वाऱ्यानं मनोऱ्याच्या दिशेनं सरकत होती. रखवालदार शिट्टी फुंकून तिला बाहेर यायला सांगत होता, पक्ष्यांना त्रास होतो म्हणून!

तेवढ्यात भोंग्यातून निवेदकाचा आवाज आला. पाण्यावरून तो पलीकडच्या गावापर्यंत जात असणार. "आज हा जलाशय तुडुंब भरलेला दिसतोय, त्याचं श्रेय जातं आपल्या पक्षीमित्र बाईंना. पक्ष्यांसाठी पाणी मिळावं म्हणून त्यांनी सतत पाठपुरावा केला." आणि माझं नाव. शाळेसकट, पूर्ण नाव. टाळ्या पडल्या.

मी मनोऱ्यावर अक्षरशः धावत गेले. प्रमुख पाहुणे नव्या कोऱ्या दुर्बिणीतून बघत होते. "ती हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची कुठली बदकं हो?" त्यांनी विचारलं. निवेदकानं कौतुकानं माईक माझ्यासमोर धरला.

"टरबुजं आहेत ती," मी म्हटलं. "पक्षी इथं नाहीत. त्यांचं खाणं तुम्ही बुडवलंत, म्हणून ते गेले. हे पाणी मी मागितलं नव्हतं. मी ते सोडू नका म्हणून अर्ज दिले होते."

पहिल्या वाक्यालाच मांडवात जो हशा उसळला, त्यात पुढचं सगळं वाहून गेलं. निवेदकानं माईक काढून घेतला आणि म्हणाला, "बाई विनोदीही आहेत बरं का!" पाहुणेही मनमोकळे हसले. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी ती कठड्यावर ठेवली आणि खाली उतरले. इतकी वर्षं मुलांना शिकवलं, मोठ्या आवाजात, स्पष्ट उच्चारात. पण हसायचंच ठरवून बसलेल्या माणसांना कसं शिकवायचं ते मला कधीच जमलं नाही.

काठावर येऊन मी चपला काढल्या आणि साडीसकट पाण्यात शिरले. वरून दक्षिणेकडून पाणटिवळ्यांचा एक थवा आला, विटकरी रंगाचा, भुकेजलेला. त्यानं पाण्यावर एक घिरटी घातली, मग आणखी एक, बरीच खाली येऊन. उतरायला जागा शोधत होते ते. मग उंच गेले आणि उत्तरेकडे वळले, तसेच, उपाशी. मांडवातून कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.

ताई माझ्याकडे बघत होती. केस, पदर, सगळं भिजलेलं.

"बाई, भोंग्यात तुमचं नाव घेतलं."

"खोटं आहे ते, ताई. मी नको म्हणत होते. तुला सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "मंग तुमालाच टाळ्या कशापायी वाजवल्या?"

याचं उत्तर समितीपासून समोशांपर्यंत लांबत गेलं असतं, आणि कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईला ते काय सांगायचं? माझ्याजवळून एक टरबूज तरंगत चाललं होतं. मी ते दोन्ही हातांनी पकडलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमच्या पाखरांला ऱ्हाऊ द्या." आणि ती पुढच्या टरबुजाकडे वळली.