मामांच्या पोटातली मंडळी आणि मामीचा भात

दिलेला शब्द पाळण्यात शेणव्याच्या आमच्या मामांचा हात धरणारा माणूस अख्ख्या शहापूर-मुरबाडात नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. म्हसा गावच्या जत्रेत त्यांनी एकदा एका बैलाच्या पाठीवर हात ठेवून "घेतला" म्हटलं आणि त्याच क्षणी बैल खाली बसला. बघ्यांनी परोपरीनं सांगितलं, हा औताला बसकण मारणारा आहे, सोडा याला. "बोललो ना रे," एवढं म्हणून मामा त्याला घेऊन घरी आले. पुढे दर पावसाळ्यात चिखलणीला बैल बांधावर बसून रवंथ करायचा आणि मामा तो उठायची वाट बघत शेजारी बसायचे.

तर असे हे मामा दोन वर्षांपूर्वी पोटातल्या जंतूंच्या अभ्यासात शिरले. मुंबईहून एक डॉक्टरीणबाई धडधाकट माणसं शोधत आल्या होत्या. जेवणातलं मीठ कमी केलं, की पोटातल्या उपयोगी जंतूंमध्ये काय फरक पडतो, ते त्यांना पाहायचं होतं. तपासणीत मामा निरोगी ठरले आणि त्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. कुणी "कसं काय?" विचारलं, की म्हणायचे, "निरोगी. कागदावर हाय." मीठ खाणार नाही असा त्यांनी बाईंना शब्द दिला होता. सुकट सुटली, पापड सुटला. वैशाखरे गावी एका लग्नाच्या पंगतीत ते स्वतःचा डबा उघडून बसले. यजमान आग्रहानं लोणचं वाढायला आले, तर पानावर आडवा हात धरून म्हणाले, "माझं काय नाय, पण आतल्या मंडळींना चालत नाय." आतली मंडळी म्हणजे जंतू. गोठ्यातल्या जनावरांबद्दल बोलावं तितक्या मायेनं ते त्यांच्याबद्दल बोलत. चोवीस तासांची लघवी साठवायचा डबा घेऊन ते खाचरात जात आणि वाटेत विचारेल त्याला त्याचं शास्त्र उभ्या उभ्या समजावत. मला तर त्यांनी निदान दहा वेळा ऐकवलं, "मीठ सोडलं नि मला भाताची खरी चव कळली. काय गोड लागतो रे."

तिसऱ्या आठवड्यात बाई आल्या तेव्हा मी तिथेच होतो. लघवीच्या तपासणीत मीठ तसूभरही कमी झालेलं नव्हतं. "मामा, तुम्ही मीठ खाताय," त्या शांतपणे म्हणाल्या. मामांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. ज्या शब्दापायी त्यांनी बसणारा बैल पोसला, तो परक्या बाईसमोर खोटा ठरत होता. ते काही बोलणार, एवढ्यात त्यांची नजर चुलीपाशी बसलेल्या मामीकडे गेली. मामी मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"व्हय बाई," मामा म्हणाले, "मीच चोरून खायचो. तसंच लिवा तुमी."

बाईंनी त्यांचं नाव खोडलं आणि त्या गेल्या. मग मामी बोलली. "पिंडाचा भात अळणी असतो. जित्या माणसाच्या ताटात तो कसा वाढू? माझा हात नाय झाला. रोज आधणातच मीठ घालायचे, चिमूटभर जास्तच." आता मामा भडकणार, असं मला वाटलं. "तरीच गोड लागायचा," एवढंच ते म्हणाले आणि मामी रडता रडता हसली.

गावात मात्र षट्कर्णी झालं, की मामा शब्दाला चुकले. कुणी तोंडावर चिडवलं तरी मामांनी ते कधी खोडून काढलं नाही. खरं काय ते मी आज पहिल्यांदाच सांगतो आहे. त्यांचा मला तेव्हा वाटला तेवढा अभिमान दुसऱ्या कुणाचा वाटलेला नाही.

गेल्या साली मामी गेली. दहाव्याला नदीवर भाताचे पिंड मांडले, तेव्हा मामांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "यात मीठ नाय ना घातलं?"

"नाही," मी म्हणालो.

त्या भाताकडे बघत ते म्हणाले, "मला तिनं एक दिवस पण असा नाय वाढला रे."