इंद्रभानचे राखाडी फोटो

नांदुऱ्याच्या इंद्रभान माळ्याला वांगी पिकवता येत होती, आणि उत्तम येत होती. पण तेवढ्यावर समाधान मानेल तो इंद्रभान कसला! दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या दिवसांत स्टेशनातल्या तारबाबूची बदली झाली, तेव्हा यानं त्याचा कॅमेरा, तबकं, औषधांच्या बाटल्या असा सगळा संसार उचलून आणला आणि घरातली कांद्याची कोठी रिकामी करून तिथं फोटोचा कारखाना थाटला. रिकामी म्हणजे अर्धीच, कारण कांदे ठेवायला दुसरी जागा नव्हती. त्यामुळे गिऱ्हाईक फोटो आधी नाकाशी नेई आणि मग डोळ्यांशी.

वास एक वेळ चालला असता, पण फोटो सगळे राखाडी निघत. पांढरं धोतर राखाडी, काळा कोट राखाडी, मागची भिंतही राखाडी. मोताळ्याच्या बाजारात बैलजोडीजवळ उभं राहून ऐटीत फोटो काढून घेतलेल्या एका पाटलानं तर विचारलं, "इंद्रभान, याच्यात मी कोणता अन् बैल कोणते, थे सांग बे." इंद्रभाननं खापर आधी विहिरीच्या पाण्यावर फोडलं, मग कागदावर, मग उन्हाळ्यावर. स्वतःवर फोडायची पाळी जरा उशिराच आली.

ती आली त्याच्या धाकट्या बहिणीमुळे. कौशल्या रंगानं चांगली काळी होती, तोंडानं चुरचुरीत, आणि आता लग्नाची झाली होती. मुलीचा फोटो आधी पाठवायची टूम तेव्हा नुकतीच निघाली होती, आणि घरात फोटोवाला असताना त्यांची माय रुक्मिणीबाई मागं कशी राहील? राखाडी फोटोत सगळं जग एका रंगाचं. त्यात कौशल्याही गव्हाळ निघाली. तो फोटो पाहून एका घरची माणसं मोठ्या हौसेनं आली, चहा प्याली, कौशल्या पाटावर येऊन बसली, आणि मुलाच्या काकानं सगळ्यांदेखत विचारलं, "फोटोतली पोरगी कुठी हाय?" दुसऱ्या घरच्यांनी विचारलं नाही, नुसतं एकमेकांकडे पाहिलं.

तेव्हापासून कौशल्याची बडबड बंद झाली. कुणी घरी आलं की ती मागच्या दारानं मळ्यात निघून जाई. आपल्या हातच्या फोटोनं बहिणीला मान खाली घालायला लावली, हे इंद्रभानला फार लागलं. आता पाठवीन तर खरा फोटो, नाहीतर कॅमेरा विकून टाकीन, असं त्यानं मनाशी ठरवलं.

कोठीत कामापुरता उजेड हवा म्हणून तो कंदिलाला लाल फडकं गुंडाळत असे. फोटोच्या कागदाला लाल उजेड चालतो, पांढरा लागला की तो नासतो. हे फडकं म्हणजे मायचं जुनं लाल लुगडं. एका दुपारी कंदिलाजवळ एक कोरा कागद पडून राहिला आणि त्याच्यावर कोठीची किल्ली. पुढं गडबडीत तोच कागद त्यानं औषधात टाकला. कागद मळकट झाला आणि मधोमध किल्लीची पांढरीशुभ्र आकृती उमटली!

इंद्रभान बघतच राहिला. किल्लीखालचा कागद पांढरा, म्हणजे बाकीच्यावर उजेड पडला होता. पडला कुठून? त्यानं कंदिलाकडे पाहिलं. धुऊन धुऊन लुगडं पार विटलं होतं आणि त्यातून पांढरा उजेड खुशाल बाहेर येत होता.

"माय!" तो आतून ओरडला. "तुह्या लुगड्यानं साऱ्या गावाले राख फासली वो!"

"माह्या लुगड्याले नावं नको ठेवू," रुक्मिणीबाई बाहेरून म्हणाली. "नवं आणून दे, मंग बोल."

त्यानं बाजारातून खारव्याचं कोरं लाल कापड आणलं आणि कंदिलाला चांगलं जाड गुंडाळलं. आता पांढरं पांढरं राहू लागलं. काळं मात्र अजून राखाडीच निघे. फोटो औषधात भराभर काळा पडू लागला की हा घाबरून तो अर्ध्यावरच बाहेर काढी. मुळात कागदाला उजेडच जास्त दिलेला असे. मग त्यानं कागदाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला थोडा थोडा कमी उजेड देऊन पाहिला, आणि फोटो औषधात पुरता मुरेपर्यंत हात मागं बांधून उभा राहिला. असं उभं राहणं त्याला सगळ्यात अवघड गेलं.

कॅमेऱ्यानं कौशल्याला ज्या काचेवर टिपलं होतं, त्याच जुन्या काचेवरून त्यानं नवा फोटो काढला. तिचा काळाभोर चेहरा, लखलखीत डोळे, आणि कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरलेल्या भावाला पाहून दाबता दाबता निसटलेलं हसू. जुन्या फोटोत ते हसू कुणाला दिसलंच नव्हतं.

रुक्मिणीबाईचं तोंड उतरलं. "हा नको धाडू रे बाबू. जुन्यात पोरगी उजळ दिसे."

कौशल्यानं फोटो घेतला, दारात उन्हाला धरला आणि बराच वेळ पाहिला. "भाऊ, हे मी हाय," ती म्हणाली. "हाच धाड. ज्याले पटन नाही, थो घरीच राहीन."

फोटो मोताळ्याच्या एका घरी गेला. बरेच दिवस काही कळलं नाही, आणि मायनं इंद्रभानला बोल बोल बोलून घेतलं. मग एका सकाळी त्या घरचे कडूबा आणि मनकर्णाबाई हे नवरा-बायको मुलाला घेऊन दाराशी उतरले. कौशल्या पाटावर येऊन बसली, मान खाली घालून. इंद्रभान दाराशी जाऊन उभा राहिला.

"काऊन वो पोरी, अशी गप काऊन?" मनकर्णाबाई म्हणाली. "आमच्या पोरानं तुहं हासू पाहून गाडी जुंपाले लावली, अन् तू त वरतं पाहूनच नाही राह्यली."

कौशल्यानं वर पाहिलं. समोरचा पोरगा तिच्याहून काळा होता आणि लाजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. तिला हसू आवरेना. ती खळखळून हसली, पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर, भर बैठकीत. रुक्मिणीबाईनं कपाळाला हात लावला. इंद्रभान मात्र दाराची चौकट धरून ऐकत राहिला. किती महिन्यांनी त्या घरात तो आवाज आला होता.