सगळ्यांचे पासवर्ड

गोंदियातल्या त्या सायबर कॅफेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याला मात्र माझं सगळंच ठाऊक असावं. मुर्री-नागऱ्यासारख्या आसपासच्या गावांतली माणसं बेधडक येऊन विचारत, "भाऊ, माझा पासवर्ड काय होता?" आणि तो मान वर न करता सांगत असे. खाती त्यानंच उघडून दिलेली. त्याच्या स्वतःच्या मॉनिटरवर काय चाललंय, ते मात्र कुणालाच दिसत नसे.

मी तेव्हा दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहीत होतो. पुढच्या काळातलं शहर, माणसांच्या डोक्यात तारा, आणि सगळ्यांची गुपितं चोरणारा एक कॅफेवाला. हा खलनायक कुणावरून उचलला ते सांगायला नको. आणि मी शहाणा, ती कथा त्याच्याच कॅफेत टाईप करून मेलमध्ये ठेवत होतो.

एकदा निघताना तो म्हणाला, "सर, तुमच्या त्या बदमाशाले मिशी काऊन लावली? मले तं नाही."

कथा मी बायकोलाही दाखवली नव्हती. तसाच मागं फिरलो आणि हाताचा आडोसा करून पासवर्ड बदलला.

दुसऱ्या दिवशी कथा पाठवायची शेवटची तारीख, आणि नवा पासवर्ड काही केल्या आठवेना. शेवटी गेलो काउंटरपाशी.

"मेल उघडून नाही राहिला बा."

त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काल साळीचं नाव टाकलं नं तुम्ही, वहिनीच्या लहान बहिणीचं."

मेल उघडला, कथा गेली. तिच्यात शेवटी नायक कॅफेवाल्याच्या सगळ्या तारा तोडून टाकतो. मी त्याला थँक्यू म्हणालो.