भोंग्याची दातखीळ

बसस्थानकाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीला जाळी असलेल्या एका चिंचोळ्या खोलीत ती माईकसमोर बसायची. कुठली गाडी आली, कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे सांगण्याचं तिचं काम. आवाज असा खणखणीत, की खाली बाकावर डुलक्या घेणारा प्रवासी दचकून पिशवी उचलायचा. शाळेत मैत्रिणींनी तिचं नाव ‘भोंगा’ ठेवलं होतं. तेव्हा ती चिडायची. पुढे त्याच भोंग्यावर घर चाललं.

चाळिशी जेमतेम ओलांडली होती, तेव्हा कामावरच्या ओल्या जिन्यावरून तिचा पाय सटकला आणि तोंड कठड्यावर आपटलं. वरचे समोरचे तीन दात गेले. दातांच्या डॉक्टरांनी काढता-घालता येईल अशी छोटी कवळी करून दिली. बोलणं होतं तसं झालं, पण मनाने हाय खाल्ली. कवळी म्हणजे म्हातारपण, एवढंच तिला ठाऊक. नवऱ्याशिवाय तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. पडल्याचं ऐकून मैत्रिणी धावत आल्या, तेव्हाही “ओठ फुटला गं थोडा” म्हणून वेळ मारून नेली.

मैत्रिणी दोनच. एक सरकारी दवाखान्यात नर्स. दुसरीचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. तिला सगळे पडदेवालीच म्हणत. तिघी लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. पण कवळी आल्यापासून भोंग्याने पेरू सोडला, कणीस सोडलं, कुणाकडे मुक्कामाला जाणं सोडलं. हसू आलं की हात तोंडावर. दिवसेंदिवस भेटणंही कमी झालं.

अशी सहा वर्षं गेल्यावर पडदेवालीने एका बेटावरची खोली परस्पर ठरवून टाकली. “चार दिवस. नारळाची झाडं, समुद्र आणि आपण तिघी. तुझी कारणं या खेपेला चालणार नाहीत.”

भोंग्याने नवऱ्याकडे आशेने पाहिलं. त्याने नाही म्हणावं, एवढीच तिची इच्छा.

“जा की,” तो म्हणाला. “दात काय पळून जाणारेत?”

बेट सुरेख होतं. पांढरी वाळू, पाण्यावर वाकलेले माड, पत्र्याच्या छपराची एक खोली आणि तीत शेजारी-शेजारी तीन खाटा. त्या खाटा पाहून तिने घाईने भिंतीकडची पकडली. रात्री कवळी काढून ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण ती तशीच तोंडात ठेवून, उशीत तोंड खुपसून झोपली. सकाळी हिरड्या ठणकत होत्या.

न्याहारीनंतर तिघी हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. वाऱ्याने पडदेवालीची टोपी उडाली. ती धरायला म्हणून तिने उडी मारली आणि वाळूत फतकल मारून बसली. लाट गेली तेव्हा टोपी तिच्याच डोक्यावर, उलटी. भोंग्याला असं हसू फुटलं, की आवरेना. हात तोंडावर न्यावा, तर एक हात नर्सने घट्ट धरलेला आणि दुसऱ्याला धरून पडदेवाली उठायला बघतेय. तेवढ्यात पुढची लाट थेट तोंडावर आली. भोंग्याने खारट पाणी थुंकलं आणि पाण्याबरोबर कवळीही गेली.

जीभ रिकाम्या जागेवर फिरली. ती खाली वाकून चाचपू लागली.

“काय पडलं गं? अंगठी?” नर्सने विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. हात तोंडावर ठेवून ती तडक किनाऱ्यावर आली आणि टॉवेल नाकापर्यंत ओढून बसली. काय झालं म्हणून दोघी विचारतायत आणि हिची जणू दातखीळ बसलेली. शेवटी तिने बोट गळ्याकडे नेलं.

“घसा धरला? आवाज बसला?”

तिने घाईघाईने होकार दिला. नर्समधली नर्स जागी झाली. गरम पाण्याच्या गुळण्या, अंगावर चादर, बोलायची बंदी. ती बंदी तेवढी भोंग्याच्या पथ्यावर पडली. दुपारी दोघींनी तळलेले मासे खाल्ले आणि हिने नुसतं कढण प्यायलं. पण खाटेवर पडल्या-पडल्या तिचा जीव टांगणीला लागला होता. असं मुक्यानं किती वेळ काढणार? मैत्रिणी बाहेर गेल्यात असं पाहून ती उठली आणि बॅग भरू लागली. संध्याकाळच्या बोटीने परत जायचं, बस्स.

“चाललीस ना?” दारात पडदेवाली उभी होती. “मला वाटलंच होतं. एक दिवस तरी कसा काढलास आमच्यासोबत!”

तसं नाही म्हणून भोंग्याने जोरजोरात मान हलवली.

“मान कसली हलवतेस? हाक मारली की तुझं कारण तयार. माझ्या लेकीच्या लग्नात एकाही फोटोत हसली नाहीस तू. घरी जाऊन मी रडले, माहितेय? आम्ही तुझं काय वाकडं केलंय, ते तरी सांग!”

आवाज ऐकून नर्स आत आली. “थांब गं, आधी तिचा घसा बघू दे.” तिने मोबाइलचा उजेड लावला. “आ कर.”

भोंगा मागे सरकली.

“आ कर म्हणते ना! भले भले पैलवान माझ्यासमोर आ करतात.”

भोंग्याने पडदेवालीकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. मग भोंग्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

उजेड बराच वेळ हलला नाही.

“घसा चांगला आहे,” नर्स सावकाश म्हणाली. “दात कुठायत?”

“थमुद्राथ.”

“सकाळी तर होते!”

“थे खोथे होथे.”

मग नर्सच्या नाकातून एक विचित्र आवाज आला आणि ती खाटेवर कोसळून हसू लागली. भोंगा रडत होती. रडता-रडता तीही हसायला लागली, आणि हात तोंडावर गेला नाही. पडदेवाली मात्र हसली नाही. बोबड्या बोलातली सगळी हकीकत तिने ऐकून घेतली आणि भोंग्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

“एवढ्याशासाठी? सहा वर्षं? अगं मला वाटलं, तुला आमचा कंटाळा आला.”

“थुमचा?” भोंगा म्हणाली.

मग पडदेवालीने तिला जवळ ओढलं. तिघींचाही जीव भांड्यात पडला. नर्सने सुजलेल्या हिरड्या बघून यथेच्छ शिव्या घातल्या आणि भोंग्याला झोपवलं. ती तोंड उघडं टाकून, चक्क घोरत, संध्याकाळपर्यंत झोपली. इतकं मोकळं आपण याआधी कधी झोपलो होतो, ते तिला आठवेना.

ती उठल्यावर पडदेवालीने पिकलेली पपई कापून आणली, बारीक फोडी करून. सूर्य बुडेपर्यंत तिघी वाळूत बसून राहिल्या. मैत्रिणींनी गळ घातली म्हणून तिने उभं राहून घोषणाही केली, “फलाथ क्रमांक थीन”. जाळी आवरणारे कोळी मान वळवून बघू लागले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला थोडी शोधाशोध केली; एक चप्पल तेवढी मिळाली, तीही परकी.

नवी कवळी तयार व्हायला वेळ लागणार होता. भोंगा सरळ वरिष्ठांकडे गेली आणि काय झालं ते सांगितलं. तोंड दाबून हसत त्यांनी तिला काही दिवस सामानाच्या खिडकीवर बसवलं. तिथे ती कमीच बोलायची, पण बोलताना मान वर असायची. घरी तिच्या लेकाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आई, मग मला सारखं दात घास, दात घास कशाला करायचीस?”

“म्हणूनच,” ती म्हणाली.

पावसाळा सरल्यावर एका शनिवारी ती पडदेवालीकडे मुक्कामाला गेली. दुकानाच्या माडीवर, कापडाच्या ताग्यांमध्ये तिघींच्या गाद्या पडल्या होत्या आणि उशाशी, पाण्याच्या वाटीत, भोंग्याची नवी कवळी. रविवारी दुकान बंद. ऊन खिडकीतून पार जमिनीवर आलं, खालून कुणी दोनदा दार वाजवून गेलं, तरी तिघींपैकी एकही उठली नाही.