बारशाच्या दिवशीचं वजन

माझा नवरा वालीवच्या एका कारखान्यात माल तोलून पाठवायच्या खात्यात आहे. वजन म्हटलं की त्याला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. लेक झाली तेव्हा नर्स वजन सांगत होती, तरी हा वाकून काट्यावरचा आकडा स्वतः वाचत होता. मी टाक्यांनी कळवळतेय आणि याचं आपलं, "दोन किलो नऊशे, बरोबर."

बाराव्या दिवशी बारशाला त्याने कंपनीतला इलेक्ट्रॉनिक काटा स्कूटरवर घालून घरी आणला. माझी आई बाळंतपणासाठी साताऱ्याहून आमच्या विरारच्या फ्लॅटवर येऊन राहिली होती. तिने कपाळाला हात लावला, पण जावयापुढे बोलणार काय? याने काट्यावर स्टीलची परात ठेवली, आकडा शून्यावर आणला, रिकाम्या खोक्याचं वजन आधी वजा करायचं असतं हे आम्हाला समजावलं आणि मग लेकीला परातीत निजवलं. तीन किलो तीनशे. लगेच कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहूनही टाकलं.

दोन आठवड्यांनी तिला डॉक्टरांकडे नेली. त्यांच्या काट्यावरही तीन किलो तीनशेच. याने मोबाइलमधला कॅलेंडरचा फोटो पुढे केला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरचा काटा नक्की बरोबर आहे?"

"मॅडम, दोन ग्रॅमचाही फरक पडत नाही," हा म्हणाला.

मग त्या म्हणाल्या की दोन आठवड्यांत वजन काहीच वाढलेलं नाही, म्हणजे आईचं दूध पुरत नसावं. अंगावर पाजत राहा, पण जोडीला वरचं सुरू करा, आठ दिवसांनी पुन्हा बघू.

रिक्षात मी रडरड रडले. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, शतावरी, मेथीची भाजी, आई देईल ते निमूट गिळत होते मी. कुठे जात होतं सगळं? दिवसभर लेकीला मांडीवर घेऊन बसायचं, पाठ मोडून यायची, आणि तरी ती उपाशीच राहत होती तर. मला माझी इतकी लाज वाटली की आईच्या डोळ्याला डोळा देववेना.

आईने त्याच संध्याकाळी पावडरचा डबा आणवला. बाटली तोंडात दिली की लेक घटाघटा प्यायची आणि गाढ झोपायची. मला त्या बाटलीचा मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू? चौथ्या दिवशी तर तिला छातीशी घेतलं की ती तोंड फिरवायला लागली. पहिल्याच पेपरात नापास झाले म्हटलं. आता दोन दिवसांत आहे ते दूधही आटेल, ही धास्ती.

लेकीला मालीश करायला वसईच्या एका गावातून मावशी यायच्या. बारशाला त्यांच्याच घरी लग्न होतं म्हणून त्या आल्या नव्हत्या. पाचव्या दिवशी तेलाचे हात पुसून म्हणाल्या, "फोटू तरी दाखव गो बाय." मी मोबाइल दिला. त्या बराच वेळ एकाच फोटोकडे बघत राहिल्या.

"पोरगी वाळ्यांसकट तोलली का? आनि खाली ही दुलई?"

मी फोटो बघितला. परातीत माझी लेक, पायांत दोन्ही आज्यांनी घातलेले चांदीचे भरीव वाळे, हातांत बिंदल्या, कमरेला साखळी, डोक्याला जरीची कुंची. आणि स्टील थंड लागेल म्हणून आईने ऐनवेळी सरकवलेली दुलई. परात तेवढी वजा केली होती, बाकी सगळं माझ्या लेकीच्या नावावर जमा. दवाखान्यात मात्र तिला उघडीच तोलली होती.

संध्याकाळी नवरा पुन्हा काटा घेऊन आला. त्याने तो सगळा साज आणि दुलई परातीत ठेवली. तीनशे ऐंशी ग्रॅम. म्हणजे दोन आठवड्यांत लेक जवळजवळ चारशे ग्रॅम वाढली होती, आणि तेही नुसत्या माझ्या दुधावर. डॉक्टरबाईंना फोन केला तर त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, वरचं बंद करा आणि तिला सारखी अंगाशी घ्या.

"चुकलं माझं," नवरा जमिनीवरच बसून म्हणाला.

"जगाची खोकी वजा करतोस," मी म्हटलं, "आणि घरी चांदी मोजून मला रडवतोस."

आईने बाटली उचलून आत नेऊन ठेवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"तुला मी वीसच दिवस पाजलं," ती म्हणाली. "सासूबाई म्हणाल्या, हिला दूध नाही, पोर वाळत चाललीय. मी सोडलं. तेव्हा कुणी तोललं नव्हतं गं तुला."

एकतीस वर्षांत हे ती मला कधी बोलली नव्हती. मी लेकीला जवळ घेतलं. तिने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा फिरवलं. आईने तिच्या डोक्याखाली हात धरला आणि जराशी वळवून दिली, तशी ती एकदाची ओढायला लागली. आई हुंदके देत होती, पण बाळाच्या डोक्याखालचा हात तिने हलू दिला नाही.